पाठीशी असलेली टाकी कशी हलवावी

अभिनंदन! तुम्ही जुनी शेव्हरोलेट सी-१० घेतलीत. १९६७ ते १९७२ या काळात निघालेली ती चौकोनी तोंडाची पिकअप. हिच्यापायी अमेरिकेतली शहाणी माणसंसुद्धा रोजची, न कुरकुरता चालणारी गाडी उन्हात उभी करतात आणि हिला गॅरेजमध्ये सावलीत ठेवतात. तुम्ही डॅलसच्या एखाद्या उपनगरात राहून दिवसभर कोड लिहीत असाल, आणि पुण्याहून बाबांनी फोनवर "ॲव्हरेज किती देते?" एवढंच विचारलं असेल, तर लिटरला पाच किलोमीटर हा आकडा तोंडातून काढू नका. "जुनी आहे, पण दणकट आहे" असं म्हणून आवाज कट होत असल्याचं सांगा.

आता गाडीत बसा. दार लावून पाठ टेकवा. पाठीला लागते ती सीट, आणि सीटच्या मागे आहे ती पेट्रोलची टाकी. हो, केबिनच्या आतच. सुमारे २० गॅलन, म्हणजे साधारण ७५ लिटर. तोंड बाहेर, दाराच्या मागच्या पत्र्यात. वळण घेतलं की कानामागे डुबुक असा आवाज येतो, आणि तोंडाभोवतीचं रबर कडक झालेलं असेल तर मे महिन्यात केबिनला पंपावरच्या पोऱ्याच्या शर्टाचा वास येतो.

कंपनीला शिव्या देऊ नका, तेव्हाची रीतच तशी होती. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये टाकी सीटखाली होती. मॉडेल ए मध्ये ती काचेपुढे, चालकाच्या पायांच्या वर आली. लष्करी विलीज जीपमध्ये ती चालकाच्या बुडाखाली होती, पेट्रोल भरायचं तर त्याने उठून बाजूला व्हायचं. शिवाय सीटमागची जागा टकरीच्या हिशेबाने दिसते तितकी वाईटही नाही. दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, चासीच्या वर, पत्र्याच्या आत. टाकीला धक्का लागायच्या आधी बरंच काही चेपावं लागतं. त्यात तुम्हीही आलात, पण तो वेगळा मुद्दा.

तर ही टाकी हलवायची आहे. कामाला लागू.

१. कारण ठरवा.

कारण एकच सांगायचं: सुरक्षितता. खरी कारणं मनात ठेवा. तुम्हाला सीट चार बोटं मागे सरकवायची आहे, सीटमागे मोठा स्पीकर बसवायचा आहे, आणि ज्यांच्या गाड्यांचे फोटो तुम्ही रात्री पांघरुणात बघता त्या सगळ्यांनी टाकी हलवलेली आहे. यातलं काहीही स्वयंपाकघरात बोलू नका. "मुलांच्या सुरक्षिततेसाठी" म्हणा. गाडीला फक्त कमरेचे पट्टे आहेत, एअरबॅग नाही, स्टिअरिंगचा दांडा थेट छातीकडे रोखलेला आहे, तेव्हा मुलांना तिच्यात कोणी बसवणारच नाही, असं बायको म्हणाली तर गप्प बसा. ती गाडीचा अभ्यास करू लागली आहे, हे लक्षण चांगलं नाही.

२. नवी जागा शोधा.

इथे इतिहासाची थोडी उजळणी करावी लागेल. टाकी केबिनमधून बाहेर काढायची कल्पना तुमच्या आधी खुद्द जनरल मोटर्सला सुचली होती. १९७३ च्या नव्या पिकअपमध्ये त्यांनी टाकी बाहेर काढून चासीच्या दांड्याच्या बाहेरच्या अंगाला, बाजूच्या पत्र्यालगत टांगली. बाजूने कोणी धडकलं की मध्ये फक्त पत्रा. १९८७ पर्यंत ही रचना चालली, खटले झाले, माणसं भाजून मेली. नोव्हेंबर १९९२ मध्ये एनबीसीच्या 'डेटलाइन' कार्यक्रमाने अशी एक गाडी धडकेत पेटताना दाखवली. ती नक्की पेटावी म्हणून कार्यक्रमवाल्यांनी गाडीखाली खेळण्यातल्या रॉकेटचं दारूसामान बसवलं होतं, हे मात्र सांगायचं राहून गेलं. कंपनीने दावा ठोकला आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीने जाहीर माफी मागितली. पुढच्या वर्षी सरकारशी तडजोड झाली. कंपनीने सुरक्षेच्या कामांसाठी ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊ केली, गाड्या मात्र परत बोलावल्या गेल्या नाहीत. म्हणजे बाजूची जागा बाद.

उरली मागची. हौद्याखाली, मागच्या ॲक्सलच्या पलीकडे, बंपरच्या अलीकडे. निम्मी अमेरिका टाकी तिथेच नेते आणि तुम्हीही तिथेच न्याल. फोर्डच्या पिंटो मोटारीत टाकी नेमकी ॲक्सल आणि बंपर यांच्या मध्ये होती, आणि त्याच कारणाने १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, ही माहिती आपल्यापुरती ठेवा. कोणी उकरून काढलीच तर सांगा की पिंटोला चासीचे दणकट दांडे नव्हते, तुमच्या गाडीला आहेत. हे अगदी खरं आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही मागचा भक्कम बंपर काढून तिथे नुसता गोल वळवलेला रंगीत पत्रा बसवणार आहात, कारण तो दिसायला स्वच्छ असतो. तेही खरं आहे. दोन्ही खऱ्या गोष्टी एकाच श्वासात सांगायची गरज नाही.

३. टाकी निवडा.

रस्ते तीन. पहिला, जुन्या मस्टँगची टाकी. १६ गॅलनची, चपटी, स्वस्त, मागल्या दोन दांड्यांच्या मध्ये बऱ्यापैकी बसते. मस्टँगमध्ये या टाकीचं वरचं पाठ हीच डिकीची जमीन असायची, म्हणजे सामान टाकीवरच ठेवायचं, ही बाब तुमच्या 'सुरक्षितता' खात्यात जमा करू नका. दुसरा, १९७३ नंतरच्या ब्लेझरची ३१ गॅलनची टाकी. ही भरली की मागे ८५ किलोच्या आसपास वजन वाढतं, आणि रिकाम्या पिकअपचं हलकं बूड रस्त्यावर टेकून राहतं. माझं मत विचाराल तर या सगळ्या खटाटोपातला खरा फायदा हा एवढाच. तिसरा रस्ता म्हणजे घरपोच येणारा तयार संच: ॲल्युमिनियमची टाकी, पट्टे, नट-बोल्ट आणि एक पानाभर सूचना. त्यात "किरकोळ फेरबदल लागू शकतात" असं वाक्य असतं. ते वाक्य म्हणजे तुमचे येते सहा शनिवार.

४. जुनी टाकी काढा.

या पायरीत विनोद कमी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, गॅरेजच्या फरशीवरून सरपटत जाते. दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास ती हवेत मिसळली की तिला एक ठिणगी पुरते. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा 'रिकामी' टाकी जास्त भयंकर. आणि अमेरिकेतल्या कित्येक घरांत गॅसवर चालणारा पाण्याचा बंब गॅरेजच्या कोपऱ्यातच असतो, पोटात इवलीशी ज्योत घेऊन. ती ज्योत तुम्ही कधी पाहिलेली नसते. म्हणून गाडी बाहेर काढा, बॅटरीची तार सोडा, पेट्रोल पाझरवा, आणि जुन्या टाकीला वेल्डिंग लावायची ऑफर देणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा.

गाडी बाहेर काढली की वसाहतीच्या मालक-मंडळाचं पत्र येईल: बंद पडलेलं वाहन दारात ठेवू नये. गाडी बंद नाही, फक्त टाकी नाही, असं लेखी उत्तर द्या. हे उत्तर आजवर कोणत्याही मंडळाने मान्य केलेलं नाही, पण पत्रव्यवहारात महिना निघतो.

सीट काढल्यावर टाकीमागे उंदराचं घरटं, नाणी आणि आधीच्या मालकाची सिगारेट पेटवायची काडेपेटी मिळेल. त्या शेवटच्या वस्तूकडे दोन मिनिटं बघत राहा आणि मग पुढच्या पायरीकडे वळा.

५. स्टेपनीचं काय?

नवी टाकी जिथे बसते तिथे कंपनीने स्टेपनी टांगली होती. स्टेपनी हौद्यात टाका. हौदा हा असाही आता सामानासाठी राहिलेला नाही, हे पुढच्या पायरीत कळेल.

६. पेट्रोल कुठून भरायचं ते ठरवा.

हा या कलेचा गाभा आहे. टाकी हौद्याखाली गेली, पण तोंड केबिनला राहिलं, असं चालत नाही. हौद्याच्या बाजूला झाकण बसवता येतं, पण त्यासाठी पन्नास वर्षं शाबूत राहिलेला पत्रा कापावा लागतो, आणि तुम्हाला तो कापवत नाही. मग सगळे करतात तेच करा: हौद्याच्या तळात भोक पाडा. ओकच्या फळ्यांची नवी जमीन घाला, चकचकीत वार्निश द्या, मधोमध तबकडीएवढं चमकदार झाकण बसवा आणि फोटो काढा.

आता पंपावर चला. नळी लांबवा. ती पुरत नाही. गाडी उलटी लावा, आता पुरते. हौद्याचं मागचं दार पाडा आणि आत चढा. वार्निश खराब होऊ नये म्हणून चपला काढा. पिकअपच्या हौद्यात अनवाणी, ओणवं बसून पेट्रोल भरणारा माणूस ही पंपावर रोज दिसणारी गोष्ट नाही, लोक फोटो काढतील. त्यांना हसून हात करा. दोन थेंब वार्निशवर सांडतील. पेट्रोल वार्निशचं काय करतं हे दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.

पाऊस पडला की पाणी तळात साचतं आणि सगळ्यात खोलगट भागाकडे धावतं. तुमचं झाकण नेमकं त्याच भागात आहे. झाकणाचं रबर चांगलं ठेवा, नाहीतर टाकीत थोडी टेक्ससची पावसाळी भर पडेल.

आणि सामान? पिकअप घेतली म्हटल्यावर महाराष्ट्र मंडळाचा पहिला फोन गणपतीच्या आठवड्यात येणार: "अहो, हॉलवर खुर्च्या आणि टेबलं न्यायची आहेत, तुमच्याकडे ट्रक आहे ना?" नाही म्हणू नका, पण हिशेब समजावून सांगा. खुर्च्या भरल्या की झाकण खुर्च्यांखाली जातं. वाटेत पेट्रोल लागलं तर पंपावर सगळ्या खुर्च्या उतरवाव्या लागतील, भरून झाल्यावर पुन्हा चढवाव्या लागतील. शिवाय ओकची फळी. शेवटी कोणीतरी मिनीव्हॅन आणेल. गाडी मात्र हॉलबाहेर उभी करा, लोक तिच्यापुढे उभं राहून फोटो काढतील. मंडळाच्या कामाला हातभार लागला पाहिजे.

७. टाकीला श्वास घेऊ द्या.

पेट्रोल बाहेर जातं तेव्हा तेवढी हवा आत यावी लागते, आणि भरताना आतली हवा बाहेर जावी लागते. यासाठी एक बारीक नळी असते. संचात ती एका छोट्या पिशवीत येते, आणि नवशिके ती पिशवी 'जास्तीचं सामान' म्हणून डब्यात टाकतात. तुम्हीही टाकाल. पंपावर पेट्रोल पहिल्याच फटक्यात तोंडातून उसळून तुमच्या पँटवर येईल, तेव्हा डबा शोधा. नळीच्या टोकाला गाडी उलटल्यावर आपोआप बंद होणारी झडप लावा. गाडी उलटणार नाही हो, पण 'सुरक्षितता' हे कारण तुम्हीच दिलं होतंत.

८. नळ्या टाका.

आधी टाकी इंजिनच्या जवळ होती, आता इंजिन पुढे आणि टाकी शेपटीला. मधलं सगळं अंतर नळीने काढा, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब. रबरी तुकडे इथेनॉल सोसणारेच घ्या. अमेरिकेत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असणं नेहमीचं आहे, आणि जुन्या रबराला ते पचत नाही.

इथेच एक मोह गाठतो. "एवढं उघडलंच आहे, तर इंजिनही बदलू या." जुन्या कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय दाब पुरतो, नव्या एलएस इंजिनच्या इंजेक्शनला सुमारे ५८ लागतो. म्हणजे टाकीत नवा विजेचा पंप, परतीची नळी, दाब-नियंत्रक, नवं वायरिंग. इंजिन आलं की गिअरबॉक्स, गिअरबॉक्स आला की प्रॉपेलर शाफ्ट. हे म्हणजे शर्टाचं बटण लावायला बसून नवा सूट शिवून घेण्यातला प्रकार आहे. पण तुम्ही ऐकणार नाही, तेव्हा पुढे चला.

९. काट्याची मनधरणी.

डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा टाकीतल्या तरंगत्या गोळ्याचं ऐकतो, आणि त्यांची भाषा ओहममध्ये चालते. जनरल मोटर्सच्या गाड्यांत रिकामी टाकी म्हणजे ० ओहम आणि भरलेली म्हणजे ९०. फोर्डचं गणित उलटं: रिकामी साधारण ७३ आणि भरलेली १०. आता समजा तुम्ही स्वस्तात पडते म्हणून मस्टँगची टाकी तिच्या तरंगत्या गोळ्यासकट घेतली आहे, आणि काटा शेव्हरोलेटचा आहे.

परिणाम असा: टाकी काठोकाठ भरा, काटा तळाशी लोळतो. गाडी चालवत राहा, काटा हळूहळू वर चढतो. पाऊण टाकीच्या खुणेच्या पुढे गेला की तुम्ही हायवेवर कुठेतरी थांबलेले असता. काहींना हे फार आवडतं. चालवावी तसं पेट्रोल वाढत जाणारी गाडी जगात दुसरी नाही. बायकोला दाखवू नका.

योग्य गोळा मागवला तरी काम संपलं असं समजू नका. टाकी रबरी पट्ट्यांवर आणि लाकडी फळ्यांखाली बसलेली, त्यामुळे तिला अर्थिंग मिळत नाही. वेगळी तार चासीला जोडा आणि तिथला रंग खरवडून जोडा. ती तार सुटली की शेव्हरोलेटचा काटा 'फुल'च्याही पलीकडे जाऊन थांबतो. रस्त्याच्या कडेला पेट्रोल संपलेली गाडी आणि डॅशबोर्डवर तुडुंब भरल्याची ग्वाही. टोइंगवाल्याला काटा दाखवून वाद घालू नका. त्याने सी-१० आधीही ओढल्या आहेत.

१०. जुनं भोक बुजवा.

केबिनच्या पत्र्यातलं भरण्याचं जुनं तोंड आता उगाच उघडं आहे. पत्र्याची गोल चकती कापा, वेल्डिंग करा, घासा, पुट्टी लावा, पुन्हा घासा, रंग मारा. रंग जुळणार नाही. पन्नास उन्हाळे खाल्लेल्या निळ्याला दुकानातला निळा कधी जुळत नाही. आता एक तर सगळी केबिन रंगवा, आणि केबिन रंगवली की हौदा जुना दिसतो, म्हणून सगळी गाडी रंगवा.

किंवा सध्याचा खर्चिक मार्ग धरा: गंज जपा. हल्ली या गाडीवरचा मूळ गंज आणि विटका रंग यांना मान आहे. त्यावर पारदर्शक थर मारून लोक तो तसाच राखतात. फक्त तुमच्या गंजलेल्या केबिनवर आता वेल्डिंगची एक कोरी करकरीत चकती आहे. तिच्यावर मीठ आणि व्हिनेगर शिंपडा, गंज चढू द्या, वरून ब्रशने तपकिरी रंगाचे तीन प्रकार थोपटा, बारीक घासणीने घासा. हे काम पैसे घेऊन करणारे कारागीर आहेत. त्यांचा ताशी दर नवा रंग देणाऱ्यापेक्षा जास्त असेल तर दचकू नका. नवा रंग चकाचक असला की झालं, गंज मात्र पन्नास वर्षांचा दिसावा लागतो.

११. मोकळ्या जागेचं काय करायचं?

ज्या क्षणासाठी हे सगळं केलं, तो हा. सीटमागे टाकी नाही. सीट चार बोटं मागे सरकवा आणि पाय लांब करा. हे सुख आठवडाभर भोगून घ्या. मग स्पीकरचा खोका येईल, त्याला ॲम्प्लिफायर लागेल, ॲम्प्लिफायरला दुसरी बॅटरी. या सगळ्याला जेवढी जागा लागते ती मोजून बघा. जवळपास टाकीएवढीच भरते. सीट पुन्हा चार बोटं पुढे घ्या. एक अग्निशामक बाटली ठेवायला मात्र कोपरा राखा.

१२. विका.

दोनेक वर्षांनी गाडी विकायला काढा. जाहिरातीत 'टाकी मागे हलवलेली' हे ठळक लिहा आणि त्याची किंमत लावा. पहिला गिऱ्हाईक साठीच्या पुढचा असेल. तो बॉनेट उघडणार नाही, हौद्यात डोकावणार नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडेल, सीटमागे हात घालून चाचपेल आणि विचारेल, "मूळ टाकी कुठे आहे?" त्याला गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी आहे.

म्हणून जुनी टाकी भंगारात देऊ नका. ती पूर्ण हवेशीर करून, तोंड झाकून गॅरेजच्या माळ्यावर ठेवा. गिऱ्हाईकाला आधी गाडीचा भाव सांगा. त्यानंतर टाकीचा वेगळा सांगा. आणि केबिनच्या पत्र्यातली चकती त्याने स्वतः कापायची आहे, हे सौद्याच्या कागदावर लिहून घ्या.